मांडणे आणि आवरणे

माझे मामा पुण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचे बॅकस्टेज सांभाळत. दिवसा नोकरी, आणि संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी नाटक. शाळेला सुटी लागली की मीही त्यांच्यामागे जात असे. नाट्यगृहात एकाच दिवशी दुपारी एका संस्थेचा, संध्याकाळी दुसरीचा आणि रात्री तिसरीचा प्रयोग असे. मला नाटकापेक्षा दोन प्रयोगांच्या मधला तास जास्त आवडे. पडदा पडायचा, आणि मघाशी जे घर खरे वाटत होते त्याच्या भिंती चारपाच माणसे उचलून विंगेत नेऊन ठेवायची. तासाभरात तिथे दुसरे घर उभे राहायचे.

त्या काळातला एक प्रसंग मामा पुढे अनेक वर्षे सांगत. संध्याकाळच्या त्यांच्या प्रयोगात दुसऱ्या अंकात एक टेलिफोन लागे. त्या दिवशी त्यांच्या पेटीत तो आलाच नव्हता, आणि ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही. कारण दुपारच्या संस्थेचा टेलिफोन कोपऱ्यातल्या तिपाईवर तसाच राहून गेला होता. नटाने तो उचलला, संवाद म्हटला, टाळी घेतली. प्रयोग रंगला. पुढच्या आठवड्यात दौऱ्यावर सांगलीला प्रयोग होता. तिथे तिपाईही आपली आणि पेटीही आपली. दुसऱ्या अंकात नटाचा हात टेलिफोनसाठी पुढे गेला आणि हवेतच राहिला. मामा म्हणत, "प्रयोग रंगला म्हणजे सगळं सामान आपलं होतं असं नाही गं."

हे वाक्य मला समजायला पुढे पंचवीसेक वर्षे लागली, आणि ते समजले एका पतसंस्थेच्या व्याजाच्या हिशेबात.

प्रयोग म्हणजे काय

मी सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करते. या कामाबद्दल साहित्याच्या वाचकाला सांगायचे तर आधी एक गैरसमज दूर करायला हवा. चाचणी म्हणजे कुणीतरी संगणकासमोर बसून बटणे दाबून पाहणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. तसे कामही असते. पण मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये दररोज बदल होत असतात, आणि प्रत्येक बदलानंतर हजारो गोष्टी हाताने तपासणे अशक्य असते. म्हणून प्रोग्रॅम तपासण्यासाठी दुसरे छोटे प्रोग्रॅम लिहिले जातात. यांनाच स्वयंचलित चाचण्या म्हणतात. अशी एक चाचणी म्हणजे एक छोटा दावा: 'अमुक परिस्थितीत अमुक केले तर अमुकच व्हायला हवे.' दावा खरा ठरला की पडद्यावर हिरवा रंग, खोटा ठरला की लाल.

या दाव्यातला 'अमुक केले' हा भाग सोपा असतो आणि 'अमुकच व्हायला हवे' हाही फारसा अवघड नसतो. अवघड असतो पहिला भाग, 'अमुक परिस्थितीत'. अडुसष्ट वर्षांच्या ठेवीदाराला जादा व्याज मिळते का, हे तपासायचे तर आधी एक शाखा हवी, तिथे एक खातेदार हवा, त्याची जन्मतारीख हवी, ठेव हवी, व्याजदरांचा तक्ता हवा. हे सगळे चाचणीने आधी उभे करायचे. या कामाला आमच्या व्यवसायात सेटअप म्हणतात. चाचणी संपली की उभे केलेले सगळे काढून जागा होती तशी करायची. त्याला टीअरडाउन म्हणतात. घरच्या मराठीत मांडणे आणि आवरणे.

मराठीत नाटकाचाही प्रयोग असतो आणि प्रयोगशाळेतलाही. दोन्हींची एक अट समान आहे: सुरुवातीची स्थिती ठरलेली हवी. परीक्षानळीत आधीच्या विद्यार्थ्याचा थेंबभर आम्ल उरलेला असेल, तर लिटमस लाल झाला एवढेच कळेल. तो कशामुळे लाल झाला ते कळणार नाही.

सव्वाशे रुपये

२००९ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही पतसंस्थांसाठी ठेवींचे सॉफ्टवेअर करत होतो. ज्येष्ठ नागरिकांना मुदत ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज असे. नवीन शाखा उघडली की सॉफ्टवेअरने मुख्य कार्यालयाचे सगळे व्याजदर त्या शाखेत उतरवून घ्यायचे, अशी व्यवस्था होती. ती तपासणारी चाचणी मी लिहिली होती. नवी शाखा उघडायची, तिथे एका ज्येष्ठ नागरिकाची ठेव ठेवायची, तिमाहीचे व्याज काढायचे आणि जादा अर्धा टक्का आला का ते पाहायचे. चाचणी हिरवी होती. दीड वर्ष रोज रात्री ती हिरवीच येत होती.

मग एका तालुक्याच्या गावातून तक्रार आली. एका निवृत्त शिक्षकांनी ठेवपावतीच्या मागे पेन्सिलीने गणित मांडले होते. लाखाच्या ठेवीवर तिमाहीला अर्ध्या टक्क्याचे सव्वाशे रुपये होतात, ते त्यांना दोन तिमाही मिळाले नव्हते. शाखेतल्या मुलीने त्यांना आधी सांगितले होते, "सर, कॉम्प्युटर चुकत नाही." ते तिच्याशी भांडले नाहीत. फक्त ती पावती तिच्यासमोर ठेवून म्हणाले, "मग माझं कुठं चुकलं ते दाखव." चूक त्यांची नव्हती. त्या शाखेतल्या चाळीसेक ज्येष्ठांना जादा व्याज मिळालेच नव्हते, आणि विचारले होते ते एकट्यांनी.

दोष दोन ओळींत सापडला. शाखा उघडताना सगळे दर उतरत होते, ज्येष्ठांचा जादा दर तेवढा राहून जात होता. आणि दर सापडला नाही तर सॉफ्टवेअर कसलीही कुरकूर न करता तो शून्य धरत होते. पण माझा प्रश्न वेगळा होता. नेमके हेच पकडायला मी चाचणी लिहिली होती, मग ती दीड वर्ष हिरवी कशी?

मी ती एकटी चालवली, आणि ती लाल झाली. संपूर्ण संचाबरोबर चालवली, पुन्हा हिरवी. असे मी सहासात वेळा केले असेल. मग संचात तिच्या आधी चालणाऱ्या चाचण्या एकेक करून वगळत गेले, आणि एका ठिकाणी थांबले. आमच्याच एका सहकाऱ्याने 'व्याजदराची नवी नोंद करता येते का' हे पाहणारी चाचणी लिहिली होती. त्या चाचणीने ज्येष्ठांच्या जादा दराची, सर्व शाखांना लागू असणारी एक नोंद डेटाबेसमध्ये केली, ती झाल्याची खात्री केली, आणि ती तिथेच सोडून दिली. आमच्या संचात चाचण्या नावांच्या वर्णक्रमाने चालत. तिचे नाव माझ्या चाचणीच्या आधी येई. माझी चाचणी चालू होई तेव्हा तिपाईवर टेलिफोन ठेवलेला असे.

सहकाऱ्याने आवरले नव्हते हे खरे. पण मीही मांडले नव्हते. मुख्य कार्यालयाचे दर माझ्या चाचणीने स्वतः लिहायला हवे होते, आणि त्याआधी तक्ता रिकामा असल्याची खात्री करून घ्यायला हवी होती. मी ते गृहीत धरले. अशा दोषात एकाच्या बेफिकिरीला दुसऱ्याची बेफिकिरी मिळावी लागते, आणि दोन्ही मिळून एक हिरवा रंग तयार होतो.

यंत्रशाळेतला शब्द

त्यानंतर मी या विषयातले जुने लेखन शोधून वाचू लागले. चाचणीची ठरलेली पूर्वस्थिती, म्हणजे मांडून ठेवलेले सगळे सामान, यासाठी आमच्याकडे फिक्श्चर हा शब्द आहे. तो प्रोग्रॅमरांचा नाही, कारखान्यातला आहे. पुण्या-कोल्हापूरकडच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये जिग-फिक्श्चर हा जोडशब्द ऐकू येतो. मिलिंगच्या मशीनवर जॉब प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच कोनात घट्ट धरून ठेवणारी चौकट म्हणजे फिक्श्चर. पहिला जॉब आणि हजारावा जॉब सारखाच निघावा यासाठी ते असते. आधीच्या जॉबची बुरी फिक्श्चरमध्ये अडकून राहिली तर पुढचा जॉब तेवढ्याने तिरका बसतो. कामगार म्हणून दर वेळी ब्रशने ती साफ करतो.

हा विचार चाचणीच्या साधनांत रुजवला केंट बेक या अमेरिकन प्रोग्रॅमरने. १९९४ मध्ये त्यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी चाचण्यांची एक छोटी चौकट प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक चाचणीच्या आधी सेटअप आणि नंतर टीअरडाउन आपोआप चालेल अशी सोय होती. १९९७ मध्ये बेक आणि स्वित्झर्लंडचे एरिक गॅमा झुरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी विमानाने निघाले होते. त्या प्रवासात दोघांनी मिळून तीच चौकट जावा भाषेत लिहून काढली. तिचे नाव जेयुनिट. तिच्या धर्तीवर पुढे बहुतेक सगळ्या भाषांत अशा चौकटी झाल्या. पायथनमधली चौकट २००१ पासून त्या भाषेबरोबरच मिळते.

बेक यांच्या पुस्तकातली एक गोष्ट मला फार आवडते. चाचण्यांची चौकट मुळातून कशी बांधायची हे दाखवताना त्यांनी तिची स्वतःचीच चाचणी लिहिली आहे. ती चाचणी एक रोजनामा ठेवते आणि त्यात तीनच शब्द क्रमाने आले का ते पाहते: आधी सेटअप, मग चाचणी, मग टीअरडाउन. सगळ्या डोलाऱ्याचा पाया एवढाच.

२००७ मध्ये जेरार्ड मेझारोस यांनी या साऱ्या अनुभवाचा एक जाडजूड ग्रंथ केला. चाचणीचे त्यांनी चार टप्पे सांगितले: मांडणे, कृती करणे, पडताळणे आणि आवरणे. त्याहून उपयोगाची आहे ती त्यांनी केलेली दुखण्यांची यादी, वैद्याच्या पोथीसारखी. संचात चालते पण एकटी चालवली की पडते, अशा चाचणीला त्यांनी एकाकी चाचणी म्हटले आहे. हे नाव वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. माझ्या दुखण्याला आधीपासूनच नाव होते, मला ते ठाऊक नव्हते एवढेच.

क्रम बदलला की

माझ्या चाचणीचे गुपित वर्णक्रमाने झाकले होते. क्रम बदलला असता तर ते पहिल्याच रात्री उघडे पडले असते. हा केवळ माझा अनुभव नाही. २०११ मध्ये जावाची सातवी आवृत्ती आली. तिच्यात एखाद्या प्रोग्रॅममधल्या कृतींची यादी मागितली तर ती ठरावीक क्रमाने मिळेनाशी झाली. तसा क्रम मिळेल असे वचन भाषेने आधीही कधी दिले नव्हते, पण सवय झाली होती. जेयुनिट त्या यादीवरूनच चाचण्या चालवत असे. त्यामुळे वर्षानुवर्षे हिरव्या असलेल्या चाचण्या अनेक ठिकाणी एकाएकी कधी लाल, कधी हिरव्या दिसू लागल्या. कोड तोच आणि चाचण्याही त्याच होत्या. बदलले होते ते कोण कोणाच्या आधी येते एवढेच. पुढच्या वर्षी जेयुनिटने आपला एक स्थिर क्रम ठरवून दिला. स्थिर, पण लिहिणाऱ्याला सहज ओळखता येणार नाही असा, म्हणजे त्यावर कुणी विसंबून राहू नये.

अशा चंचल चाचण्यांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. अपाची प्रतिष्ठानच्या ५१ प्रकल्पांतल्या २०१ दुरुस्त्या त्यांनी तपासल्या. कारण निश्चित करता आले अशांपैकी सुमारे १२ टक्के दोष चाचण्यांच्या क्रमावर अवलंबून होते. उशिरा येणाऱ्या उत्तराची नीट वाट न पाहणे आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांची टक्कर यांच्या खालोखाल हे तिसरे मोठे कारण. २०१६ मध्ये गूगलने आपल्याकडे सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमी-अधिक चंचलपणा आढळतो असे जाहीरपणे सांगितले. चंचल चाचणीचा खरा तोटा वेळेचा नाही. ती उगाच लाल होते हे एकदा अंगवळणी पडले की माणसे लाल रंगाकडे पाहणे सोडतात, आणि मग एक दिवस खरा लाल येतो.

तरी मला वाटते, उगाच लाल होणारी चाचणी परवडली. ती निदान ओरडते. माझी चाचणी उगाच हिरवी होत होती.

आवरायचे कसे

आवरण्याच्या रीती अनेक आहेत आणि प्रत्येकीला खोट आहे. सगळ्यात साधी रीत म्हणजे जे केले ते उलटे करणे. नोंद केली, ती पुसली. पण चाचणी मध्येच कोलमडली तर पुसण्याची ओळ येतच नाही. म्हणून टीअरडाउन चाचणीच्या बाहेर ठेवलेले असते. चाचणी पडली तरी चौकट ते चालवते. यातही एक फट होती. पायथनच्या चौकटीत सेटअपच अर्ध्यावर पडले तर टीअरडाउन चालत नाही. शाखा उघडली, खातेदार केला आणि ठेव ठेवताना घोटाळा झाला, तर शाखा आणि खातेदार तसेच मागे राहतात. म्हणून पुढे तिथे एक नवी सोय आली. एकेक वस्तू मांडतानाच ती कशी आवरायची हे सांगून ठेवायचे. मग पुढे काहीही होवो, सांगून ठेवलेली आवराआवर शेवटून पहिल्याकडे होते. शेवटी ठेवलेले आधी निघते आणि सगळ्यात आधी अंथरलेली सतरंजी शेवटी गुंडाळली जाते. मांडव सोडणारे मजूर हेच करतात.

दुसरी रीत डेटाबेसची. व्यवहार सुरू करायचा, त्याच्या आत सगळी चाचणी करायची आणि शेवटी तो व्यवहार पक्का न करता मागे घ्यायचा. घडलेले घडलेच नाही असे होते. जॅंगोसारख्या साधनांत ही रीत तयारच मिळते. ती वेगवान आहे. पण डेटाबेसच्या बाहेर काही गेले असेल, म्हणजे एखादी फाइल लिहिली असेल किंवा पत्र धाडले असेल, तर ते मागे घेता येत नाही.

तिसरी रीत आवरायचेच नाही अशी. प्रत्येक वेळी नवे कोरे सगळे उभे करायचे आणि जुने टाकून द्यायचे. मार्टिन फाउलर यांनी २०११ च्या एका लेखात या बाजूने मत दिले आहे. त्यांचे कारण मला पटते. आवरण्यात चूक झाली तर जी चाचणी पडते ती चूक करणारी नसते, तिच्यानंतरची कुठली तरी निरपराध असते, आणि गुन्हेगार शोधणे कठीण होते. सुरुवातच कोरी असेल तर हा प्रश्न येत नाही. खोट एवढीच की दर वेळी नवे घर बांधायला वेळ लागतो.

काहींचा तर सेटअप-टीअरडाउन या वेगळ्या जागांनाच विरोध आहे. डॉटनेटसाठी एनयुनिट ही चौकट घडवणाऱ्यांपैकी जेम्स न्यूकर्क यांनी पुढे लिहिले की तिच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्या चाचण्यांना एकच सामाईक वस्तू वापरायला दिली ही आमची मोठी चूक होती. नंतर त्यांनी ब्रॅड विल्सन यांच्यासह केलेल्या एक्सयुनिट डॉट नेट या चौकटीत सेटअप-टीअरडाउनच्या खास खुणाच ठेवल्या नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की चाचणी वाचणाऱ्याला सगळी परिस्थिती तिच्यातच दिसली पाहिजे. वर कुठेतरी लपवलेल्या सेटअपमध्ये काय मांडले आहे हे शोधत फिरावे लागू नये. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची नाही. पन्नास चाचण्यांत तीच शाखा पन्नासदा उघडणे मलाही नको वाटते. पण माझ्या चुकीकडे पाहिले की त्यांचे म्हणणे खरे वाटते. माझ्या चाचणीतला दर तिच्यात कुठेच लिहिलेला नव्हता, आणि तो कुठून येतो हे वाचणाऱ्या कुणीही विचारले नाही. मीही नाही.

रिकामा रंगमंच

त्या तक्रारीनंतर आम्ही पंधरा दिवस दुसरे काही केले नाही. प्रत्येक चाचणी एकटी चालवून पाहिली. मग संपूर्ण संच दर रात्री उलटसुलट क्रमाने चालवू लागलो. पहिल्या रात्री अकरा चाचण्या लाल झाल्या. त्यांतल्या नऊ फक्त चाचण्यांच्या चुका होत्या. दोनांच्या मागे मात्र सॉफ्टवेअरमधले खरे दोष निघाले, व्याजाच्या दोषासारखेच झाकलेले. ते कुणाच्या पासबुकापर्यंत पोचायच्या आत सापडले.

पतसंस्थेने चाळीसही ठेवीदारांचे राहिलेले व्याज जमा केले. मी त्या शिक्षकांना फोन केला होता. माफी मागायची होती, पण कशाबद्दल हे नीट सांगता येईना. चाचणी, क्रम, उरलेली नोंद, सगळे सांगू लागले तर त्यांनी मध्येच थांबवले आणि विचारले, "म्हणजे उत्तर बरोबर होतं, पण रीत चुकीची होती?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "अशा उत्तराला मी कधी पूर्ण मार्क दिले नाहीत."

तेव्हापासून माझ्या टीममध्ये नवे कोणी आले की पहिल्या दिवशी त्याला चाचणी लिहायला सांगत नाही. लिहिलेली एखादी चाचणी निवडून ती एकटी चालवायला सांगते, आणि विचारते, हिच्यातलं कोणतं सामान हिचं स्वतःचं आहे?

मामा आता नाहीत. सामान ट्रकमध्ये चढले, माणसे पुढे जाऊन बसली की ते एकटेच परत आत जायचे. रिकाम्या रंगमंचावर डावीकडून उजवीकडे एक फेरी मारायचे, विंगेत वाकून पाहायचे, आणि मग दिवा मालवायला सांगायचे. लहानपणी मला वाटे, त्यांना तिथून निघवत नाही. ते काय शोधत होते हे आता कळते: आपले काही मागे राहिले नाही ना, आणि दुसऱ्याचे काही आपल्याबरोबर चालले नाही ना.